पर्सी ज्युलियन : पोटमाळ्यावरचा विद्यार्थी

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थी मित्रांनो आणि मैत्रिणींनो, सेंद्रिय रसायनशास्त्राचे पुस्तक पहिल्यांदा उघडल्यावर मनात काय येते, हे मी तुम्हांला सांगायला नको. पानोपानी षट्कोन, त्यांना चिकटलेल्या रेघा, रेघांच्या टोकाला अक्षरे आणि एका संयुगाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण. शाळेत मराठीतून किंवा उर्दूतून शिकून आलेल्या मुलामुलींना तर आधी संज्ञा शिकाव्यात की विषय, हेच उमगत नाही. मला पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सात गुण मिळाले होते. ती उत्तरपत्रिका मी घरी दाखवली नाही. आपली तयारीच अपुरी आहे आणि हा विषय आपल्यासारख्यांसाठी नाही, असे मी मनाशी जवळजवळ ठरवून टाकले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, स्वतः हा विषय शिकवू लागल्यावर, पर्सी ज्युलियन यांचे चरित्र माझ्या वाचनात आले. ते आधी वाचले असते तर पहिल्या वर्षाचे काही महिने तरी मी रडत काढले नसते. म्हणून ते तुम्हांला सांगतो.

पर्सी लॅव्हन ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी या शहरी झाला. कुटुंब कृष्णवर्णीय. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. वडील जेम्स रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई एलिझाबेथ शिक्षिका. सहा भावंडांत पर्सी थोरला. घरात पैशाची चणचण होती, पण पुस्तकांना आणि अभ्यासाला मान होता. एकदा गणिताच्या परीक्षेत ऐंशी गुण मिळाले म्हणून पर्सी हरखून घरी आला, तर वडिलांनी कौतुक करण्याऐवजी, मध्यमपणावर कधी समाधान मानू नकोस, पुढच्या वेळी शंभर आण, असे बजावले. आपल्याकडेही असे वडील असतात. त्यांचा राग येतो, पण ते विसरता येत नाहीत.

अडचण अशी की, त्या शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी शिक्षणाची वाट आठवीच्या पुढे जवळजवळ बंदच होती. गोऱ्यांच्या हायस्कुलात प्रयोगशाळा होती. पर्सीच्या वाट्याला आली ती शिक्षक तयार करणारी एक शाळा. तेथे विज्ञान नावापुरतेच होते. एवढ्या शिदोरीवर तो १९१६ साली, सतराव्या वर्षी, इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावच्या डीपॉ विद्यापीठाकडे निघाला. निरोप द्यायला घरची मंडळी स्टेशनवर आली होती. त्यांत आजोबाही होते. हात हलवणाऱ्या त्या आजोबांच्या पंजाला दोन बोटे नव्हती. गुलाम असताना ते लिहावाचायला शिकले, त्याची शिक्षा म्हणून ती तोडण्यात आली होती. ही आठवण ज्युलियन आयुष्यभर सांगत असत.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. महाविद्यालयात पोहोचल्यावर या मुलाची पाठ कोणी थोपटली नाही. वसतिगृहात त्याला जागा नव्हती. गावात त्याला जेवण कोठे मिळेल, हे कळायलाच दीड दिवस लागला. शेवटी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात काम मिळाले : भट्टी पेटवायची, जेवणाच्या वेळी वाढप्याचे काम करायचे आणि रात्री पोटमाळ्यावर झोपायचे. त्यातच विद्यापीठाने त्याची तयारी अपुरी ठरवून त्याला पूर्ण विद्यार्थी म्हणून घेतलेच नाही. दिवसा महाविद्यालयाचे वर्ग आणि शिवाय हायस्कुलाचे राहून गेलेले विषय, असा दुहेरी अभ्यास त्याने दोन वर्षे केला.

म्हणजे जो पुढे सेंद्रिय रसायनातील एक मोठा कारागीर ठरला, त्याची सुरुवात वर्गात सर्वांच्या मागून झाली होती. १९२० साली पदवी घेताना तो वर्गात पहिला होता.

मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडील पुढे अलाबामा सोडून ग्रीनकॅसलला येऊन राहिले. पर्सीच्या पाठची दोन्ही भावंडे डॉक्टर झाली आणि तिन्ही बहिणींनी पदव्युत्तर शिक्षण घेतले. एका कारकुनाच्या घराची ही कमाई.

पहिला आल्यावर तरी वाट मोकळी व्हावी! वर्गातील इतर मुलांना पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या. पर्सीचे नाव कोठेच आले नाही. रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांनी त्याच्यासाठी अनेक ठिकाणी लिहिले होते. आलेल्या उत्तरांचा आशय एकच होता : मुलगा हुशार असेल, पण कृष्णवर्णीय माणसाला डॉक्टरेट देऊन उपयोग काय, त्याला नोकरी कोण देणार? तेव्हा पर्सीने फिस्क विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली. १९२२ मध्ये शिष्यवृत्ती मिळून ते हार्वर्डला गेले आणि पुढच्या वर्षी एम. ए. झाले. तेथे डॉक्टरेट करायची तर शिकवून खर्च भागवण्याची रीत होती. परंतु गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय शिक्षकाकडून शिकायला तयार होणार नाहीत, या सबबीवर त्यांना ते काम नाकारण्यात आले. किरकोळ कामे करत ते तेथे आणखी काही वर्षे राहिले आणि डॉक्टरेटविनाच बाहेर पडले.

नंतर वेस्ट व्हर्जिनियातील एक छोटे महाविद्यालय आणि मग वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ अशा नोकऱ्या झाल्या. १९२९ मध्ये शिष्यवृत्तीवर त्यांनी युरोप गाठला आणि व्हिएन्ना विद्यापीठात एर्न्स्ट श्पेथ यांच्या हाताखाली काम सुरू केले. श्पेथ हे अल्कलॉइडांचे, म्हणजे वनस्पतींत सापडणाऱ्या नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि औषधी गुणांच्या संयुगांचे मोठे जाणकार होते. क्विनीन, मॉर्फीन, निकोटिन ही याच घराण्यातली. व्हिएन्नात रंगावरून कोणी अडवले नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना फक्त रसायनाचा विचार करण्याची मुभा मिळाली आणि १९३१ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते डॉक्टर झाले.

परत आल्यावर हॉवर्डमध्ये मात्र काही काळ वाईट गेला. विद्यापीठातील भांडणे, त्यांनी लिहिलेल्या खासगी पत्रांची वर्तमानपत्रांतून झालेली प्रसिद्धी आणि अखेर राजीनामा. या प्रकरणात त्यांची स्वतःची काहीच चूक नव्हती, असे म्हणता येणार नाही. थोरांच्या चरित्रांतून असा मजकूर गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पसंत नाही. अशा वेळी ब्लँचर्ड पुन्हा मदतीला आले आणि १९३२ मध्ये त्यांनी ज्युलियन यांना डीपॉत संशोधक म्हणून बोलावून घेतले. व्हिएन्नातील सहकारी योसेफ पिक्ल हेही सोबत आले. आणि येथेच ते काम झाले, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाचे एक विषारी बी होते. पूर्वी तेथे आरोपीला ते खायला घालून त्याच्या खरेखोटेपणाचा निवाडा करीत. या बीत फायसोस्टिग्मीन नावाचे अल्कलॉइड असते. ते १८६४ मध्ये शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले आणि काचबिंदूच्या विकारात डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी वापरात आले. १९२५ मध्ये त्याची संरचना सुचवण्यात आली होती. परंतु ती खरी आहे याचा निर्णायक पुरावा म्हणजे तोच रेणू प्रयोगशाळेत साध्या पदार्थांपासून बांधून दाखवणे. आणि नेमक्या याच कामाला ऑक्सफर्डचे सर रॉबर्ट रॉबिन्सन लागलेले होते. पुढे १९४७ मध्ये ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे रॉबिन्सन. एका बाजूला त्यांची मोठी प्रयोगशाळा आणि त्यांचे सहकारी, दुसऱ्या बाजूला एका गावातल्या महाविद्यालयात ज्युलियन, पिक्ल आणि पदवीचे काही विद्यार्थी.

आता तुमचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे पुस्तक जवळ घ्या आणि ज्युलियन यांची वाट माझ्याबरोबर चालून पाहा. बेन्झिनच्या वलयावर एका बाजूस ईथर गट आणि समोरच्या बाजूस अमाइन गट असलेल्या एका साध्या संयुगापासून ते निघाले. अमाइनची ॲसिड हॅलाइडशी गाठ घातली की अमाइड मिळते, हे तुमच्या पुस्तकात आहे. त्यांनी वापरलेल्या ॲसिड हॅलाइडवर शेजारच्या कार्बनला एक ब्रोमिनचा अणूही होता. मग निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड घालून त्या ब्रोमिनच्या जागी बेन्झिनचे वलय जोडले आणि दुसरे वलय तयार झाले. ही तुमच्या परीक्षेत हमखास येणारी फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियाच. त्यानंतर त्याच कार्बनावर सायनाइड गट असलेली छोटी साखळी जोडली; त्या सायनाइडचे क्षपण करून अमाइन केले; त्याला मिथिल गट दिला आणि मग सोडियम व अल्कोहोल यांच्या साहाय्याने तिसरे वलय बंद केले. शेवटी ईथर तोडून फिनॉल मोकळे केले आणि त्यावर मिथिल आयसोसायनेटची क्रिया घडवली. फायसोस्टिग्मीन तयार!

यातील एकही पायरी जादूची नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. बहुतेक अभिक्रिया तुम्ही चार-चार गुणांच्या टीपा म्हणून पाठ करता. टीप म्हणून त्या एकेकट्या आणि कंटाळवाण्या असतात. पण कोठे पोहोचायचे हे ठरवून त्या एकामागून एक मांडल्या की त्यांचा जिना होतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा जिना फळ्यावर उलटा, म्हणजे वरून खाली, मांडायला लावत असे. आधी फायसोस्टिग्मीन काढायचे आणि मग प्रत्येक वेळी विचारायचे की हे कशापासून मिळेल? ज्या मुलांना पाठांतर जमत नव्हते, त्यांनाही हे जमू लागले.

आता गोष्टीतला खरा प्रसंग. या वाटेवर एसरेथोल नावाचा एक टप्पा लागतो. तेथून फायसोस्टिग्मीन फार दूर नव्हते. आपल्याला हा टप्पा गाठता आला, असे रॉबिन्सन यांनी आधीच प्रसिद्ध केले होते. इकडे ज्युलियन यांनी आपल्या वाटेने तोच पदार्थ बनवला आणि पाहतात तो दोघांच्या पदार्थांचे गुणधर्म जुळेनात. दोहोंपैकी एकजण चुकलेला होता. एकीकडे त्या काळच्या जगातला बहुधा सर्वांत नावाजलेला सेंद्रिय रसायनज्ञ, दुसरीकडे राजीनामा देऊन आलेला, कायम नोकरी नसलेला एक कृष्णवर्णीय संशोधक. जग कोणाला चुकलेला समजेल, हे सांगायला हवे काय? ज्युलियन चुकले असते तर त्यांचे नाव तेथेच संपले असते.

त्यांनी आपला निष्कर्ष अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापायला दिला आणि रॉबिन्सन यांचा पदार्थ एसरेथोल नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. भरवसा कशावर? तुम्ही पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकाला जे करता त्यावर. केशनलिकेत चिमूटभर भुकटी भरायची, ती तापमापीला बांधायची, द्रव पॅराफिनमध्ये सावकाश तापवायची आणि कोणत्या अंशावर पदार्थ वितळतो ते पाहायचे. शुद्ध पदार्थ एका ठराविक तापमानाला झटकन वितळतो. त्यात दुसरा पदार्थ मिसळलेला असेल, तर वितळबिंदू खाली येतो आणि वितळणे लांबते. म्हणून बनवलेला पदार्थ आणि नैसर्गिक पदार्थ एकत्र करूनही वितळबिंदू तोच राहिला, तर ते दोन्ही एकच. आज रेणू ओळखायला मोठमोठी यंत्रे आहेत. त्या काळी मुख्य मदार होती ती काचेच्या नळीवर आणि माणसाच्या सचोटीवर. प्रात्यक्षिकात दोन अंश इकडेतिकडे करून वहीत पुस्तकातला आकडा लिहिणाऱ्यांनी (मीही लिहिला आहे) याचा विचार करावा.

१९३५ मध्ये ज्युलियन आणि पिक्ल यांनी आपल्या एसरेथोलापासून शेवटपर्यंत जाऊन फायसोस्टिग्मीन बनवले. नैसर्गिक पदार्थाशी ते तंतोतंत जुळले. ऑक्सफर्ड चुकले होते आणि ग्रीनकॅसल बरोबर होते.

आता तरी प्राध्यापकपद मिळावे! ब्लँचर्ड यांनी शिफारस केली, पण ज्या विद्यापीठाला हा मान मिळाला, त्याच्याच विश्वस्तांनी कृष्णवर्णीय माणसाला नेमायला नकार दिला. एका बड्या रासायनिक कंपनीने पिक्ल यांना नोकरी दिली. ज्युलियन यांना नाही. विस्कॉन्सिनमधील एका संस्थेने त्यांना घेण्याचे मनात आणले, तर कृष्णवर्णीयाने गावात रात्री मुक्काम करू नये असा त्या गावचा नियम आडवा आला. १९३६ मध्ये शिकागोच्या ग्लिडन कंपनीने त्यांना सोयाबीन विभागाचे संशोधन संचालक नेमले. त्याआधीच्या डिसेंबरात त्यांचा विवाह ॲना जॉन्सन यांच्याशी झाला होता. पुढे १९३७ साली ॲना यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन महिला.

कारखान्यातील कामाची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण यादी मोठी आहे. सोयाबीनमधून त्यांनी शुद्ध प्रथिन काढण्याची कृती बसवली. ते कागदाला लेप देण्यासाठी वापरले गेले. तशाच प्रथिनापासून आग विझवणारा फेस तयार झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराने तो वापरला.

परंतु एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. सोयाबीन तेलाच्या एका मोठ्या टाकीत पाणी झिरपले आणि तळाशी पांढरा साका जमला. कारखान्यात ओरड झाली की तेल वाया गेले. ज्युलियन यांनी तो साका पाहिला आणि ओळखला. ते स्टिग्मास्टेरॉल होते. कॅलाबारच्या बीचे तेल हाताळताना त्यांनी तेच स्फटिक पूर्वी पाहिले होते. स्टिग्मास्टेरॉल हा स्टेरॉइड वर्गातील पदार्थ. त्याच्या सांगाड्यात चार वलये आणि एक शेपूट असते. शेपटीतील दुहेरी बंध ओझोनने तोडला की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडे जाता येते. मात्र वलयातला दुहेरी बंध आधी ब्रोमिन जोडून झाकून ठेवावा लागतो, नाहीतर ओझोन त्यालाही तोडतो. अल्कीनला ब्रोमिन जोडणे आणि ओझोनने अल्कीन तोडणे ही दोन्ही प्रकरणे तुमच्या पहिल्या सत्रातली आहेत. ही युक्ती जर्मनीत १९३४ मध्येच ठाऊक झाली होती. ज्युलियन यांचे श्रेय असे की, ग्रॅमाग्रॅमाने मिळणारी वस्तू त्यांनी १९४० पासून कारखान्यात बनवून दाखवली. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या उपचारासाठी तेव्हा प्रोजेस्टेरॉन दिले जाई आणि ते अतिशय महाग असे.

१९४९ मध्ये कॉर्टिझोन हे संधिवातावर गुणकारी असल्याचे जाहीर झाले आणि सगळीकडे धावपळ उडाली. बैलाच्या पित्तापासून ते बनवायला तिसाहून अधिक पायऱ्या लागत. ज्युलियन यांनी सोयाबीनमधून कॉर्टिझोन काढले असे लेखांतून वाचायला मिळते, पण ते बरोबर नाही. त्यांनी बनवले ते पदार्थ एस नावाचे जवळचे संयुग. त्यात अकराव्या कार्बनावरचा ऑक्सिजन तेवढा कमी होता. तो अकराव्या जागी बसवण्याची सोय १९५२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या संशोधकांनी बुरशीकडून करून घेतली. दोन्ही कामे एकत्र आली तेव्हा औषध स्वस्त झाले. खऱ्या कामावर खोटी झूल चढवली की एक दिवस खऱ्यावरचाही विश्वास उडतो, म्हणून हे स्पष्ट केले.

१९५० मध्ये ज्युलियन कुटुंबाने शिकागोजवळच्या ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. राहायला जाण्यापूर्वीच कोणीतरी घराला आग लावण्याचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी जूनमध्ये घरावर डायनामाइट फेकण्यात आले. मुले तेव्हा घरातच होती. ज्युलियन यांनी घर सोडले नाही. काही रात्री ते बंदूक घेऊन बाहेर बसत आणि त्यांचा लहान मुलगा शेजारी बसे. वस्तीतले बरेच गोरे शेजारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले.

१९५३ मध्ये त्यांनी ज्युलियन लॅबोरेटरीज ही स्वतःची कंपनी काढली आणि १९६१ साली ती तेवीस लाख डॉलरांना विकली. नोकरीत असताना दारे बंद झालेल्या अनेक कृष्णवर्णीय रसायनज्ञांना त्या कंपनीत काम मिळाले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे होती. नागरी हक्कांच्या खटल्यांसाठी निधी गोळा करण्यात त्यांनी उतारवयात पुष्कळ वेळ घालवला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना सभासद करून घेतले. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. १९ एप्रिल १९७५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

डीपॉ विद्यापीठाने १९८० मध्ये आपल्या विज्ञान आणि गणिताच्या इमारतीला पर्सी ज्युलियन यांचे नाव दिले आणि १९९९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने फायसोस्टिग्मीनच्या त्या कामाला राष्ट्रीय ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. ज्या गावात एका सतरा वर्षांच्या मुलाला दीड दिवस जेवण मिळाले नव्हते, त्याच गावात ही इमारत आहे. रसायनशास्त्राचे पहिल्या वर्षाचे वर्ग तेथेच भरतात.